गोगलमाशाची वीस मिनिटं

आमच्या संस्थेत तळमजल्याच्याही खाली एक लांबट खोली आहे. तिथे साडेअकरा हजार बरण्या आहेत. प्रत्येकीत एक मासा, एक खेकडा, नाहीतर ज्याला काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही असा एखादा जीव. या बरण्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे बरणीमावशी म्हणत, पुढेपुढे नुसतंच मावशी. वयाने मोठे असलेले संचालकसुद्धा मावशीच म्हणायचे. मी वरती ग्रंथालयात होते. दुपारचा चहा घ्यायला मी खाली जायचे, कारण खाली गार असे. वास तेवढा सोसावा लागे.

मावशींचे हात फार हलके होते. मेलेल्या माशाचा पातळ पंख उघडून टाचणीने धरायचा आणि तो फाटू द्यायचा नाही, हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा म्हणजे कळेल. चिठ्ठ्या त्या पेन्सिलीने लिहीत, कारण बरणीतल्या अल्कोहोलमध्ये शाई फिकी पडते. नवरा बंदरात क्रेन चालवायचा, तो छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून जन्मभर मासे मुरत घालतेय, पण ताटात वाढला असेल एखादा तर शपथ!"

आता गोगलमाशाबद्दल सांगायला हवं. सहा-सात किलोमीटर खोल, जिथे उजेड पोचत नाही आणि वरच्या पाण्याचं ओझं एवढं की पोकळ पोलादी डबा चेपून जावा, तिथे हा मासा मजेत पोहत असतो. असा मासा म्हणजे दांडगा, चिलखत घातलेला असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वीतभर, फिकट गुलाबी, अंगावर खवलं एक नाही, आणि कातडी एवढी पातळ की आतलं यकृत बाहेरून दिसावं. डोळे मोहरीएवढे. खालच्या थंडीत त्याचं लिबलिबीत अंग धड राहतं. वर आणलं, ऊब लागली, की ते सैल पडतं, कातडी सुटते, आणि बघता बघता माशाच्या जागी खळ उरते. इंग्रजीत त्याचं नाव गोगलगायीवरून पडलंय, म्हणून आमच्याकडे तो गोगलमासा.

आमच्या जहाजाला पहिला गोगलमासा मिळाला तेव्हा जहाजावर नमुना टिकवणारा माणूस नव्हता. मासा थंडगार समुद्राच्या पाण्यात, बर्फाच्या पेटीत ठेवून दीड दिवसाच्या प्रवासाने बंदरावर आणला. तिथून संस्थेचा ड्रायव्हर पेटी घेऊन निघाला. वाटेत गाडी पंक्चर झाली. त्याने भर उन्हात चाक बदललं, पेटीवर स्वतःचा शर्ट ओला करून टाकला आणि अर्धा तास उशिरा संस्थेत पोचला. पोचल्यावर विचारलं नसतानाही त्याने पंक्चरचं सांगितलं. माणूसच तसा होता.

मावशींनी पेटी उघडली. आत मासा अख्खा होता. डोळे, पंख, पोट, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी तो थाळीत घेतला, टेबलावर ठेवला आणि मासा टिकवायच्या फॉर्मलिनची बाटली काढायला वळल्या, तोच वरून शिपाई धावत आला. "मावशी, घरून फोन! सासूबाई न्हाणीघरात पडल्या!" खाली मोबाईलला रेंज नसते. मावशी तशाच वर पळाल्या. शेजारीण रडत होती, डॉक्टर मिळत नव्हता, रिक्षा मिळत नव्हती. हा फोन लाव, तो फोन लाव. दोन मिनिटांत येते म्हणून गेलेल्या मावशी परत आल्या तेव्हा वीस मिनिटं झाली होती. थाळीवर त्यांनी झाकणसुद्धा ठेवलं नव्हतं.

मासा राहिला नव्हता. चिमट्याने उचलायला गेल्या तर कातडी चिमट्याला चिकटून आली.

चौकशी झाली. मावशींना विचारलं, "पेटी उघडली तेव्हा कसा होता?" मावशी म्हणाल्या, "नरम होता." खोटं तेवढंच, दोन शब्दांचं. त्या महिन्यात त्यांना नोकरीत कायम करण्याचा कागद संचालकांच्या टेबलावर होता आणि सासूबाई खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात. अहवालात आलं, 'वाहतुकीतील दिरंगाईमुळे नमुना खराब.' ड्रायव्हरकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्याला फाटकावर बसवलं.

तो चार वर्षं फाटकावर बसला. रोज सकाळी मावशी आत यायच्या आणि तो दांडी वर करायचा.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मावशी फाटकातून येताना पर्समध्ये काहीतरी शोधत येतात, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

चार वर्षांनी जहाज पुन्हा समुद्रातल्या त्याच खोल घळीवर निघालं, जिथे पहिला गोगलमासा मिळाला होता. या वेळी जहाजावर नमुने टिकवायला माणूस नेमला होता, पण निघायच्या आठवडाभर आधी तो जिन्यावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. मोहिमेच्या प्रमुख डॉक्टरबाई खाली बरण्यांच्या खोलीत आल्या. डॉक्टरबाई म्हणजे औषधाच्या नव्हे, माशांच्या. जुन्या अहवालावर सही त्यांचीच होती.

"मावशी, तुम्ही चला."

"मी? मला होडीत बसलं तरी ओकारी येते."

"येऊ दे. बादली देते. पण हात तुमचेच हवेत."

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं. आता त्या काठी घेऊन चालत होत्या. मावशींखेरीज हे गुपित माहीत असलेल्या त्या एकट्याच. त्या म्हणाल्या, "जा. माझं जेवण शेजारीण बघेल. आणि हे बघ, मी पडले ते माझ्या पायांनी पडले. त्याचं खापर त्या फाटकावरच्याच्या डोक्यावर कशाला? चार वर्षं मी गप्प बसले, कारण तू माझ्यासाठी पळाली होतीस. पण आता पुरे झालं."

मावशी कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

पहिले दोन दिवस बादलीच्या संगतीत गेले. तिसऱ्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि जहाजावरची शीतखोली लावून घेतली. आत जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. फॉर्मलिन आधीच थंड करून ठेवलं. थाळ्या, मलमलीच्या पट्ट्या, सुई, बारीक कात्री, सगळं घसरू नये म्हणून ओल्या फडक्यांवर मांडलं.

सापळा आदल्या दिवशी सोडला होता. सापळा म्हणजे धातूची चौकट, त्यात आमिष, वर तरंगणारे गोळे आणि खाली लोखंडी वजनं. त्याला दोर नसतो. वजनांमुळे तो तळाशी जातो, आणि जहाजावरून आवाजाचा इशारा पाठवला की वजनं सुटतात आणि तो आपोआप वर येतो. येईल असं धरून चालायचं, एवढंच.

सकाळी इशारा पाठवला. पडद्यावर सापळ्याची खोली दिसत होती: सहा हजार आठशे चाळीस मीटर. पाच मिनिटं गेली. आकडा तोच.

"पुन्हा पाठवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुन्हा पाठवला. आकडा हलला नाही.

कप्तान दारात येऊन उभे राहिले. "बाई, वारा वाढतोय. चारच्या पुढे मी इथे थांबणार नाही. सापळा आला तर आला."

"वर यायलाच तीन तास लागतात."

"म्हणून तर आत्ता सांगतोय."

डॉक्टरबाई नखं खात बसल्या. तिसरा इशारा गेला, चौथा गेला. मावशी त्यांच्या मागे उभ्या होत्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी आकडा बदलला. सहा हजार आठशे एकतीस. कुणी ओरडलं नाही. सगळे पुढच्या आकड्याची वाट बघत राहिले. आठशे बारा. सातशे नव्वद. तेव्हा कुठे डॉक्टरबाईंनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "निघाला बाबा."

पुढचे तीन तास कुणाला जेवण गेलं नाही. लाटा मोठ्या होत चालल्या. मावशींनी शीतखोलीत तीनदा जाऊन सगळं तपासलं. सव्वादोनला त्या चौथ्यांदा गेल्या तर आत शुकशुकाट. गारव्याचं यंत्र बंद.

इंजिनवाला धावत आला, यंत्राची पेटी उघडून म्हणाला, "जळलंय. चाळीस मिनिटं तरी धरा."

"तोवर खोली तापेल."

"मी काय जादूगार आहे का मावशी? धरा चाळीस मिनिटं!"

मावशी तडक स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाकी कांदा चिरत होता. "बर्फ किती आहे?"

"एक घमेलं. सरबताचा."

"तो गोड्या पाण्याचा. माशाला लागला तर त्याचं वाटोळं होईल. पिशवीत बंद असलेलं, गोठलेलं असं काय आहे?"

स्वयंपाक्याने फ्रीजर उघडला. मटाराच्या आठ पिशव्या, पावाचे सहा पुडे आणि कसल्यातरी भाजीचा एक दगड. मावशींनी सगळं ओढलं. तो मागून ओरडला, "अहो, रात्री लोकांना काय घालू?"

"त्यांना म्हणावं उपास करा!"

शीतखोलीत त्यांनी मोठ्या टबात पिशव्या रचल्या, सरबताचा बर्फ भरला, मध्ये थंड समुद्राच्या पाण्याची थाळी ठेवली आणि त्यावर सहा घड्यांचं घोंगडं टाकलं. आतल्या थर्मामीटरवर तीन अंश होते.

दोन चाळीसला सापळ्याचा लाल झेंडा लाटांत दिसला आणि लगेच दिसेनासा झाला. गळ टाकला, तो चुकला. परत टाकला. जहाज एवढं कलत होतं की गळ टाकणाऱ्याला दोघांनी कमरेला धरलं होतं. तिसऱ्यांदा गळ अडकला. सापळा वर आला, डेकवर आपटला, पाणी सगळीकडे पसरलं.

चौकटीच्या आतल्या बंद पेटीत दोन गोगलमासे होते. एकाला खालच्या झिंग्यासारख्या किड्यांनी पोटाकडून कुरतडून टाकलं होतं. दुसरा अख्खा होता.

मावशींनी मलमलीच्या पट्टीवर त्याला उचललं. बोट कुठेही लावलं नाही. थाळीत सोडला आणि घोंगडं ओढलं. मागोमाग सगळं जहाज त्या अरुंद खोलीच्या दारात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

"जरा घोंगडं काढा ना मावशी, एक फोटो."

"बाहेर व्हा."

डॉक्टरबाई कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन आत शिरल्या. "मला दहा मिनिटं द्या. आधी दोन्ही बाजूंनी फोटो, मग डीएनएसाठी तुकडा, मग तुमचं फॉर्मलिन."

"तीन मिनिटं."

"मावशी, ही जात नवी असू शकते! रंग फॉर्मलिनमध्ये जाणार. परत असा दिसणार नाही."

"पाच अंश झालेत आत्ताच. खोली तापलीय. तीन मिनिटं, एका बाजूने."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? मोहीम माझी आहे."

जहाज कललं. थाळीतलं पाणी एका कडेला गेलं आणि मासा सरकला. मावशींनी दोन्ही तळहातांनी थाळी धरली. आणि वर न बघता म्हणाल्या, "मागच्या वेळी मासा अख्खा आला होता."

"काय?"

"ड्रायव्हरने आणला तेव्हा अख्खा होता. मी पेटी उघडली, थाळीत काढला आणि घरचा फोन आला म्हणून वर गेले. वीस मिनिटं तो माझ्या टेबलावर उघडा होता. त्याचं पाणी माझ्यामुळे झालं. मी खोटं बोलले. आता तुम्हाला दहा मिनिटं देणार नाही."

दारात उभ्या लोकांपैकी कुणीतरी मोबाईल खाली केला. इंजिनवाल्याची हातोडी पलीकडे ठोकत होती.

"सहा अंश," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. एका बाजूचे फोटो झाले. दोन मिनिटं. मग उजव्या पंखाचा मसुरीएवढा तुकडा कापायचा होता. उजवाच, कारण वर्णन लिहायला डावी बाजू अख्खी ठेवतात. डॉक्टरबाईंनी कात्री हातात घेतली, पण जहाज कलत होतं आणि कात्रीचं टोक पंखावर ठरेना. त्यांनी कात्री पुढे केली. मावशींनी ती घेतली, जहाज एका बाजूला झुकून परत सरळ होईपर्यंत थांबल्या, आणि त्या क्षणभराच्या सरळपणात तुकडा कापला. तो बाटलीत गेला. मग सुईने पोटात थंड फॉर्मलिन, मग अख्खा मासा फॉर्मलिनच्या थाळीत, पंख उघडून, खाली मलमल.

मग त्यांनी झाकण लावलं आणि त्या टबाच्या कडेला टेकल्या. मटाराच्या पिशव्या विरघळायला लागल्या होत्या.

यंत्र पावणेचारला सुरू झालं. जहाज वळलं.

संध्याकाळी डॉक्टरबाई मावशींच्या खोलीत आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "त्या अहवालावर माझी सही आहे. मी त्या माणसाला चार वर्षं फाटकावर बसवलं. त्याने मला दोन अर्ज केले होते. दुसरा मी वाचलासुद्धा नाही."

"मी लेखी देते," मावशी म्हणाल्या.

"द्यावंच लागेल. आणि संचालक काय करतील ते मी सांगू शकत नाही."

"करू देत. पण त्याला मी आधी सांगणार. कागदावरून कळायला नको."

बंदरावर मासा न्यायला डॉक्टरबाईंनी मुद्दाम त्यालाच बोलावलं. फोनवर फक्त एवढंच सांगितलं, गाडी घेऊन ये. तो आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गाडीचं मागचं दार उघडून त्याने आत फोमची गादी घातली होती, पट्टे घट्ट केले होते. मावशींनी हे बघितलं.

त्या त्याच्याजवळ गेल्या. क्रेनचा गोंगाट होता म्हणून मोठ्याने बोलावं लागलं.

"भाऊ, तेव्हाचा मासा तुमच्या हातून खराब झाला नव्हता. तुम्ही अख्खा आणून दिला होता. माझ्या टेबलावर गेला तो. मी सांगितलं नाही."

त्याने गादीचा पट्टा सोडला आणि पुन्हा घट्ट केला.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"रोज सकाळी?"

"हो."

"माझा पोरगा शाळेत सांगायचा, बाबा मासे आणतात समुद्रातून. नंतर त्याने सांगायचं बंद केलं." एवढं म्हणून त्याने डॉक्टरबाईंकडे बघितलं. "पेटी आणा. ऊन चढतंय."

मावशींना पुढच्या सीटवर बसावं लागलं, कारण मागे डॉक्टरबाई पेटी धरून बसल्या होत्या. तासाभराचा रस्ता. तो वळणं एवढी हळू घेत होता की मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या. एकदाच तोंड उघडलं, "खड्डा आहे, धरा," आणि तेही आरशातून मागे बघत डॉक्टरबाईंना.

मावशींनी त्याच दुपारी लेखी दिलं. संचालकांनी त्यांची एक वेतनवाढ रोखली आणि सेवापुस्तकात ताकीद लिहिली. काढलं नाही, कारण त्या बरण्या दुसऱ्या कुणाला कळत नव्हत्या. ड्रायव्हरला गाडी परत मिळाली. जुन्या अहवालाला दुरुस्तीचं पान जोडलं, त्याची एक प्रत त्याने मागून घेतली. ती प्रत मीच काढून दिली, तेव्हा मला हे सगळं कळलं.

मी खाली गेले आणि रागानेच विचारलं, "मावशी, चार वर्षं?"

त्या एका बरणीचं झाकण पुसत होत्या. "पहिले आठ दिवस सांगणं अवघड होतं," त्या म्हणाल्या. "मग आठ दिवस का सांगितलं नाही, हे सांगणं अवघड झालं. मग महिना. तू बघ, ते वाढतच जातं."

मी त्या दिवशी चहा न घेताच वर आले. दोन-तीन आठवडे मी खाली गेलेच नाही. मग गेले.

गोगलमाशाचे मणके मोजायला, पंखातले काटे मोजायला दीड वर्ष लागलं. आधी माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी तो जुळला नाही. त्याचं वर्णन छापून आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी शेवटी आभाराची यादी दिली. त्यात मावशी होत्या, इंजिनवाला होता, स्वयंपाकी होता आणि ड्रायव्हर होता. ड्रायव्हरच्या पोराने ते पान शाळेत नेलं असं शिपाई सांगत होता. खरं-खोटं मला माहीत नाही.

ड्रायव्हर आधी त्यांना मावशी म्हणायचा. आता 'बाई' म्हणतो, आणि कामापुरतंच. नमुने खाली पोचवतो, वहीत मावशींची सही घेतो, वेळ स्वतःच्या हाताने लिहितो, मिनिटासकट. मावशीही त्या वेळेखाली पेटी उघडल्याची वेळ लिहितात, आणि फॉर्मलिनमध्ये गेल्याची. कुणी सांगितलेलं नाही. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या तेव्हा तो स्मशानात आला होता. लांब, भिंतीपाशी उभा राहिला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला.